आवडती बाटली परवडेनाशी झाली तर? वाइनप्रेमींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमची आठ जणांची वाइन भिशी आहे. अकरा वर्षं झाली. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भेटतो, एक बाटली उघडतो, तिच्याबद्दल बोलतो. गेल्या तीन-चार वर्षांत त्या बोलण्यात चवीपेक्षा किमतीचाच विषय जास्त निघायला लागला. ओळखीतून, नात्यातून, नव्याने वाइन प्यायला लागलेल्या मित्रमंडळींकडूनही तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली आहेत. महाराष्ट्रात वाइन घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात, ते इथे गृहीत धरलं आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी सहज घ्यायचो ती फ्रेंच बाटली आता हात लावू देत नाही. असं झालं तरी काय?

एक साधा हिशेब करून बघा. २०१९ मध्ये युरो ८० रुपयांच्या आत-बाहेर होता. वाहतूक आणि विम्यासकट दहा युरोंना पडलेली बाटली म्हणजे मुंबईच्या बंदरात ८०० रुपये. त्यावर १५० टक्के सीमाशुल्क, म्हणजे १२०० रुपये. बाटली झाली २००० रुपयांची. २०२५ मध्ये युरोने शंभरी ओलांडली. तीच बाटली, तेच दहा युरो, पण आता बंदरात १००० आणि शुल्कासकट २५००. पिकवणाऱ्याने एक पैसा वाढवला नाही आणि आपल्याकडे पाचशे रुपये वाढले.

ही फक्त बंदरातली किंमत झाली. पुढे आयातदाराचा नफा, गोदाम, प्रत्येक राज्यात लेबल नोंदवायची फी, राज्याचं उत्पादन शुल्क, वितरक, दुकानदार आणि व्हॅट. यातलं बरंचसं टक्क्यांत मोजलं जातं, त्यामुळे सुरुवातीचा फरक प्रत्येक पायरीवर फुगत जातो. दुकानात छापील किंमत बघून आपण त्या बिचाऱ्या वाइनरीला बोल लावतो, पण त्या रकमेतला फार थोडा भाग तिच्यापर्यंत पोचलेला असतो.

माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं. बाटलीच्या किमतीत तीन वेगवेगळे पैसे असतात: चवीचे, नावाचे आणि कराचे. महागाईला तोंड द्यायचं असेल तर आपण यातले कुठले देतोय ते आधी ओळखायला हवं. चवीचे पैसे द्यायला मी आजही तयार असते. नावाचे देताना दोनदा विचार करते.

२०२१ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क कमी केलं होतं ना?

कागदावर. मूळ सीमाशुल्क १५० वरून ५० टक्के केलं आणि त्याच दिवशी १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लावला. बेरीज पुन्हा १५०.

नाशिकची वाइन तर आपल्या अंगणातली. तिच्यावर सीमाशुल्क नाही, मग ती का महागते?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी दिंडोरी नाहीतर निफाडकडच्या एखाद्या वाइनच्या बागेत घेऊन जावं असं वाटतं, तेही जानेवारीत, पहाटे, तोडणी चालू असताना. थंडीत मजुरांच्या टोळ्या कात्री घेऊन ओळीओळीने सरकत असतात. उजाडून ऊन चढायच्या आत क्रेट वाइनरीत पोचवायचे असतात, कारण गरम झालेल्या द्राक्षाची वाइन सपक होते. हातात घेतलेला शिराझ या वाइनच्या जातीचा घड आपल्या खायच्या द्राक्षासारखा दिसतच नाही: मणी बारीक, काळेभोर, साल जाड, आत बिया. एका बाटलीला असे सव्वा किलोच्या आसपास घड लागतात.

हे पीक वर्षातून एकदाच हाती येतं, पण छाटणी दोनदा करावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. खरड छाटणीनंतर नव्या काडीत पुढच्या हंगामाचा घड घडतो, आणि त्या दिवसांत तिला ऊन लागतं. मे २०२५ मध्ये पाऊस लवकर आला आणि लांबला. ज्या काडीला ऊन मिळालं नाही तिच्यात घडच धरला नाही, मग ऑक्टोबरमध्ये कितीही चांगली छाटणी करा. त्याच्या जोडीला डाऊनी, भुरी हे रोग, फवारण्यांचा खर्च, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तर अर्ध्या तासात वर्षाची मेहनत मातीत. शेतकऱ्यापुढे खायच्या द्राक्षाचा पर्याय नेहमीच असतो. वाइनच्या जातींना एकरी उतारा कमी येतो. त्याने ती बाग ठेवावी असं वाटत असेल तर त्याला दर चांगला मिळायलाच हवा. किमतीतला हा भाग मला कधीच टोचत नाही.

मग वाइनरीचा खर्च. दारू जीएसटीच्या बाहेर आहे. वाइनरी काच, बूच, लेबल, खोकी घेताना जीएसटी भरते, पण वाइनवर जीएसटी नसल्यामुळे त्याची वजावट मिळत नाही. तो सगळा खर्च बाटलीवर बसतो. आणि ज्या वाइनवर ‘रिझर्व्ह’ लिहिलेलं असतं ती बहुधा ओकच्या पिंपात मुरलेली असते. २२५ लिटरचं पिंप म्हणजे बरोबर ३०० बाटल्या. पिंप येतं फ्रान्सहून किंवा अमेरिकेहून, तीन-चार हंगामांत त्याचा जोर संपतो आणि पुन्हा नवं घ्यावं लागतं. म्हणजे युरो-डॉलर महागले की नाशिकची रिझर्व्हही महागते.

महाराष्ट्रात वाइनला सरकारी सवलत आहे म्हणतात. ती आम्हाला दुकानात का दिसत नाही?

सवलत खरीच आहे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने राज्यात वाइन उद्योग उभा राहिला. सुला या नाशिकच्या वाइनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली होती, पण नाशिकभोवती एकामागून एक वाइनऱ्या उभ्या राहिल्या त्या या धोरणानंतरच. वाइनवर २० टक्के व्हॅट आहे आणि या २० टक्क्यांपैकी १६ टक्के प्रोत्साहन योजनेतून उत्पादकाला परत मिळतात. आपण मात्र दुकानात पूर्ण व्हॅट भरतो, परतावा वाइनरीच्या खात्यात जातो. त्यामुळे तो आपल्याला दिसत नाही, पण तो बंद झाला तर किंमत किती उडी घेईल ते लगेच कळेल. राज्याची हद्द ओलांडली की हे गणित संपतं. नाशिकचीच बाटली बंगळुरू किंवा दिल्लीत वेगळ्या किमतीला मिळते, कारण तिथे तिला परराज्यातली दारू म्हणून वेगळी नोंदणी आणि वेगळं शुल्क भरावं लागतं.

बर्गंडी इतकी कशी पेटली? तिच्यासाठी तर पगारदार माणसाने स्वप्नच बघायचं.

हा माझा हळवा विषय आहे, म्हणून थोडं लांबेल.

फ्रान्समधल्या बर्गंडी या वाइनच्या प्रदेशाचा गाभा असलेली कोत द’ओर ही डोंगरउताराची पट्टी जेमतेम ५०–६० किलोमीटर लांब आहे. म्हणजे नाशिकहून सिन्नर ओलांडून बरंच पुढे. सगळ्यात वरच्या प्रतीच्या, ग्रां क्रू म्हणवणाऱ्या शेतांची वाइन एकूण उत्पादनाच्या एक-दोन टक्केच. रोमाने-कोंती या जगप्रसिद्ध शेताचं क्षेत्र १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकर. आपल्याकडचा मध्यम द्राक्ष बागायतदारही यापेक्षा जास्त जमीन कसतो. त्यातून वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या निघतात आणि त्यांच्यासाठी सगळं जग रांगेत उभं. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात १९४५ सालची एक बाटली ५,५८,००० डॉलरला गेली.

जमीन वाढत नाही, उलट तिचे तुकडे होत जातात. फ्रेंच क्रांतीत मठांच्या जमिनी विकल्या गेल्या, पुढे नेपोलियनच्या वारसा कायद्याने मुलांत सारखे वाटे पडत गेले. क्लो द वूजो हे सुमारे ५० हेक्टरचं एकच कुंपणबंद शेत, आणि त्याचे मालक ८० च्या घरात. आपल्या सातबाऱ्यावरची नावं आठवावीत. काहींच्या वाट्याला दोन-तीन ओळी. मग शेतांवर मोठ्या पैशाची नजर पडली: २०१४ मध्ये चैनीच्या वस्तूंच्या एलव्हीएमएच कंपनीने क्लो दे लांब्रे घेतलं, २०१७ मध्ये उद्योगपती फ्रान्स्वा पिनो यांच्या कंपनीने क्लो द तार. एकरी भाव असे वर गेले की वडील गेल्यावर वारसा कर भरायलाही मुलांना जमीन विकावी लागण्याची वेळ येते.

मागणीही नवी आली. फेब्रुवारी २००८ मध्ये हाँगकाँगने वाइनवरचं शुल्क पूर्ण काढून टाकलं आणि आशियातला पैसा थेट या बाजारात उतरला. निसर्गानेही हात आखडता घेतला. २०१६ ला कडाका, एप्रिल २०२१ मध्ये कोंब फुटल्यावर पुन्हा कडाका. शेतकऱ्यांनी रात्रभर ओळींमध्ये मेणाच्या शेगड्या पेटवून कोंब वाचवायचा प्रयत्न केला, तरी २०२१ चं पीक फार थोडं आलं.

एकूण, हजारो माणसं आणि मूठभर बाटल्या. यात कुणी खलनायक नाही. पण ज्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी या वाइनवर जीव लावला त्यांना ती आता मिळणं अवघड आहे, आणि त्यांचं वाईट वाटणं खरं आहे.

किमती कधी उतरतच नाहीत का?

उतरतात. २०२२ च्या शेवटापासून बर्गंडीसकट लिलावी वाइनचे भाव खाली आलेत. फ्रान्समधल्याच बोर्डो प्रदेशातल्या मोठ्या शातोंनी, म्हणजे वाइनऱ्यांनी, २०२४ सालची वाइन विकायला काढली तीही आधीपेक्षा स्पष्टपणे कमी भावात. पण ही घसरण वरच्या मजल्यावरची आहे. आपल्या दुकानातल्या फळीवर तिचा परिणाम पोचायला वेळ लागतो, आणि वाटेत रुपया घसरला की पोचतच नाही.

आपल्यासाठी जास्त महत्त्वाचे आहेत व्यापार करार. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. ज्या बाटलीचं आयात मूल्य ५ अमेरिकी डॉलरच्या वर आहे तिचं शुल्क १५० वरून लगेच १०० टक्के झालं आणि दहा वर्षांत ५० वर यायचं आहे. १५ डॉलरच्या वरच्या बाटलीचं आधी ७५, शेवटी २५. म्हणून चांगली ऑस्ट्रेलियन शिराझ आज त्याच तोलाच्या फ्रेंच वाइनपेक्षा परवडते, आणि दर वर्षी हा फरक थोडा वाढत जाईल. युरोपीय संघाशी मुक्त व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये झाली, त्यातही वाइनचं शुल्क आधी निम्म्यावर आणि मग टप्प्याटप्प्याने आणखी खाली आणायचं ठरलंय. त्याची वाट जरूर बघा, पण वाट बघत प्यायचं थांबू नका.

मला जी चव आवडते ती कमी पैशांत कुठे शोधू?

आमच्या भिशीत यासाठी एक शब्द रूढ झालाय: ‘शेजार’. महाग गावाचा शेजार शोधायचा, महाग बाटलीचा घरातला धाकटा भाऊ शोधायचा.

बर्गंडीची लाल वाइन आवडत असेल तर त्याच शेतकऱ्याची साधी ‘बुर्गोन्य’ लेबलची बाटली बघा. हात तोच, शेत उताराच्या खालच्या अंगाचं. दक्षिणेला मेर्क्युरे आणि जिव्री ही गावं आहेत, लाल बर्गंडीचं द्राक्ष पिनो न्वारच लावतात, नावाचा भाव कमी. आणखी खाली बोजोलेत द्राक्ष बदलतं, गामे येतं, पण तिथल्या मॉर्गों किंवा फ्लरीची चार-पाच वर्षं जुनी बाटली उघडली तर तिच्यात तो ओल्या मातीचा, सुकत आलेल्या गुलाबाचा वास मिळतो ज्यासाठी आपण मूळ बर्गंडीकडे गेलो होतो. मला स्वतःला फ्लरीने खूप आधार दिला.

इटलीची बारोलो परवडत नसेल तर लांगे नेब्बिओलो. द्राक्ष तेच. बारोलोला किमान ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले १८ लाकडात, आणि तेवढा काळ पैसा अडकतो. लांगेला ते बंधन नाही, म्हणून ती लवकर आणि स्वस्तात येते. स्पेनच्या रियोहात जास्त मुरवलेली ग्रान रिझर्व्हा सोडून कमी मुरवलेली क्रियान्सा घ्या.

शॅम्पेनची हौस असेल तर फ्रान्सचीच क्रेमां आणि स्पेनची कावा दोन्ही त्याच पद्धतीने, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून करतात. आणि त्याच पद्धतीने आपल्या दिंडोरीत शांदों ही कंपनी करते, सुलाची ब्रूटही तशीच बनते. घरच्या वाढदिवसाला मी वर्षानुवर्षं नाशिकचीच फसफसती वाइन उघडते, कुणाला काही कमी वाटलेलं नाही.

देशी वाइनमध्येही शेजार असतो. सुलाची रासा शिराझ महाग वाटली तर दिंडोरी रिझर्व्ह शिराझ. अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीची सेत्ते ही सांजोव्हेझे आणि कॅबर्ने सोविन्यों या द्राक्षांची मिसळ आहे, ती आवडत असेल तर त्यांचीच नुसती सांजोव्हेझे घेऊन बघा. निफाडची रेव्हेलो वाइनरी ग्रिल्लो आणि नेरो द’आव्होलासारखी इटालियन द्राक्षं लावते, ती चाखल्याशिवाय इटलीच्या बाटलीवर तिप्पट पैसे घालू नका. आणि माझं ठाम मत: नाशिकच्या शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनला तिच्या लायकीएवढा मान मिळालेला नाही. ती सोविन्यों ब्लांपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त असते आणि आपल्या जेवणाशी जास्त जुळते.

वाइन भिशी कशी चालवता?

नेहमीच्या भिशीसारखीच, फक्त रकमेऐवजी बाटली निघते. आठ जण महिन्याला ६०० रुपये काढतो, म्हणजे ४८०० रुपये जमतात. चिठ्ठी निघेल त्याने त्या महिन्याची बाटली निवडायची, कारण सांगायचं, आणि जेवण त्याच्या घरी. ७५० मिलीचे आठ भाग केले की प्रत्येकाला नव्वद मिलीच्या वर थोडं मिळतं. सुरुवातीला हे माप फार लहान वाटायचं. पण पेल्यात एवढीशीच असली की माणूस घोट घेऊन थांबतो, वास घेतो, शेजारच्याला विचारतो. एका बाटलीवर आम्ही दोन तास काढलेत. एकट्याने ४८०० ची बाटली मी आयुष्यात घेतली नसती.

दोन नियम मात्र पाळा. वर्षातल्या निदान चार बाटल्या हजाराच्या आतल्या असाव्यात, नाहीतर भिशी म्हणजे दिखावा होतो. आणि त्यातल्या काही लेबल झाकून प्या. बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळून रबरबँड लावला की झालं. आमच्याकडे झाकलेल्या बाटल्यांत एकदा नाशिकच्या रिझर्व्हला आठपैकी सहा जणांनी तिच्या तिप्पट किमतीच्या बोर्डोपेक्षा वर ठेवलं होतं. नावाचे पैसे म्हणजे काय, ते त्या दिवशी सगळ्यांना समजलं.

भाव वाढायच्या आत दोन-तीन खोकी घेऊन ठेवू का?

थंड जागा असेल तरच. माझी एक चूक सांगते. परदेशातून आणलेली एक चांगली लाल वाइन मी सहा वर्षं झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली होती. अंधार होता, आडवी ठेवली होती, म्हणजे सगळं बरोबर केलं असं वाटत होतं. पुण्याचे सहा उन्हाळे त्या कपाटाने पाहिले. उघडायला गेले तर बूच मानेतून थोडं वर सरकलेलं, कडेने चिकट ओघळ. पेल्यात तपकिरी रंग आणि उकडलेल्या मनुकांचा वास. लग्नाच्या वाढदिवसासाठी जपलेली बाटली सिंकमध्ये ओतावी लागली.

वाइनला १२–१४ अंशांच्या आसपास, न बदलणारं तापमान लागतं. वाइनचा फ्रिज घेतला तर त्याची किंमत आणि विजेचं बिल बाटल्यांत धरा. आठ-दहा बाटल्या असतील तर साध्या फ्रिजचा खालचा कप्पा कपाटापेक्षा कितीतरी बरा. आणि बहुतेक देशी वाइन ठेवण्यासाठी बनलेलीच नसते. पांढरी वाइन घेताना लेबलवरचं साल बघा आणि सगळ्यात ताजी घ्या.

दुकानातही हेच बघा. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली सवलतीत मिळाली तरी घेऊ नका. एका दुकानातून मी अशा दोन आणल्या, दोन्ही गेलेल्या निघाल्या. दुकानदाराने हात वर केले. एसीत ठेवलेली बाटली शंभर रुपये जास्त देऊन घ्यावी.

एकटी राहते, बाटली दोन दिवसांत संपत नाही. उरलेली फुकट जाते.

३७५ मिलीची छोटी बाटली एकदाच घ्या, प्या, आणि धुऊन पूर्ण सुकवून ठेवा. पुढच्या वेळी मोठी बाटली उघडल्या उघडल्या अर्धी वाइन त्या छोटीत काठोकाठ भरा, फिरकीचं झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. लाल असली तरी फ्रिजमध्येच. वाइन बिघडते ती वरच्या हवेमुळे, आणि काठोकाठ भरलेल्या बाटलीत हवाच नसते. आठवडाभर चव टिकते. अर्धी उरल्यावर बूच लावून ठेवण्यापेक्षा हे फार चांगलं. एवढ्याने माझा खर्च जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी झाला.

गोव्याहून आणली तर?

परवान्याशिवाय आणू नका. फक्त गोव्यात कर भरलेली दारू महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. तिथे समुद्राकडे बघत प्या, तेवढा आनंद पुरेसा आहे.

परदेशातून येणाऱ्यांना मात्र माणशी दोन लिटरची सूट आहे. म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि वर एक ३७५ ची बसते. तिसरी पूर्ण बाटली घेतलीत की मर्यादा ओलांडली. भाऊ-वहिनी न्यू जर्सीहून येणार असतील तर आधीच नाव लिहून पाठवा, आणि ज्या बाटलीवर इथे सगळ्यात जास्त शुल्क बसतं तीच मागवा. इथे स्वस्तात मिळणाऱ्या बाटलीसाठी कुणाच्या बॅगेतली जागा अडवू नये.

हॉटेलात वाइन घ्यावी का?

पेल्याने घेत असाल तर बाटली कधी उघडली ते विचारा. विचारण्यात काही कमीपणा नाही. पेला १५० मिलीचा धरला तर बाटलीत पाच पेले होतात. चौघे असाल आणि सगळे एकच घेणार असाल तर पूर्ण बाटलीच स्वस्त पडते.

साध्या वाइनची चव वाढवता येते का?

येते, आणि फुकटात येते. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा आहे. आपली खोली एप्रिलमध्ये ३२ अंशांवर असते. त्या तापमानाला कुठलीही लाल वाइन जड आणि झोंबरी लागते. उघडण्याआधी २५–३० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सातशे रुपयांची शिराझ एकदम ताठ उभी राहते.

दुसरं म्हणजे ताटाशी जुळवा. तिखटाने वाइनचा तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही वाढल्यासारखे वाटतात, म्हणून तांबड्या रश्शाबरोबर ओकमध्ये मुरलेली महाग लाल वाइन घेणं म्हणजे दोन्हींचं नुकसान. तिथे थोडी गोडसर शेनिन, चांगली गार करून. कोथिंबीर वडी आणि शेनिन ही जोडी एकदा तरी करून बघा. भरल्या वांग्याला, शेंगदाण्याच्या कुटामुळे, साधी शिराझ छान लागते. रवा लावून तळलेली सुरमई असेल तर फसफसती वाइन.

गुंतवणूक म्हणून बाटल्या घ्याव्यात?

माझा सल्ला नको असा आहे. आपल्याकडे साठवण खात्रीची नाही आणि विनापरवाना दारू विकता येत नाही.

लाल वाइन हृदयाला चांगली म्हणतात, मग हा औषधाचा खर्च समजायचा का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. वाइन चवीसाठी आणि सोबतीसाठी प्यावी, थोडी प्यावी. महागाईने माझं प्रमाण महिन्याला चार बाटल्यांवरून दोनवर आलं, ते मी परत वाढवणार नाही.

आणि इतकं करूनही आवडती बाटली सोडून द्यावी लागली तर?

माझ्यावर ती वेळ आली आहे. बर्गंडीतल्या व्होल्ने गावच्या एका शेतकऱ्याची वाइन मी पहिल्यांदा प्यायले ती एका मैत्रिणीच्या घरी, स्टीलच्या पेल्यात, कारण काचेचे पेले पाहुण्यांना पुरले नव्हते. त्या पेल्यातूनही तिचा वास खोलीभर झाला होता. नंतर दर दोन वर्षांनी एक तरी बाटली मिळवायचे. आता इथे ती येत नाही, आणि बाहेर जी किंमत आहे ती देणं मला पटत नाही. शोधणं थांबवलंय. त्या नावाचा भाव बघणंही थांबवलं, त्याने बरं वाटतं.

२०१५ सालची एक शिल्लक आहे, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, टॉवेलात गुंडाळलेली. येत्या मार्चमध्ये बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतात. भिशीतल्या बाकी सातही जणांना जेवायला बोलावलं आहे. आई मटण करणार आहे, कमी तिखट, असं तिने स्वतःहून सांगितलं. जेवणाच्या अर्धा तास आधी बाहेर काढायची, बूच हळू ओढायचं, आणि पहिला पेला बाबांना द्यायचा.